म्हसकर बसत नसत

आमच्या शिक्षकखोलीत माणसांपेक्षा एक खुर्ची कमी होती, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. याचं कारण ड्रिलमास्तर म्हसकर. ते बसत नसत. मधल्या सुट्टीत आम्ही बाकीचे चहाच्या कपांवर वाकून संस्थेच्या चालकांना नावं ठेवत असू, तेव्हा म्हसकर दाराशी, चौकटीला पाठ न टेकता उभे असायचे. चहा बशीत ओतायचा, एका दमात प्यायचा, बशी खिडकीत ठेवायची आणि हात पुन्हा पाठीमागे. एखादा नवा मास्तर भिडेखातर उठून म्हणाला, "बसा ना," तर उत्तर ठरलेलं असे. "बसायचं घरी. हितं उभं ऱ्हायाचा पगार मिळतो."

मी पन्नास सालानंतर केव्हातरी कर्जतच्या त्या शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवायला आलो. शाळा स्टेशनापासून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होती. घाट चढायच्या आधी गाड्यांना मागून इंजिन लावत, त्या धक्क्याचा आवाज आला की आम्ही वाक्य अर्धवट सोडून थांबायचो. मैदानावर म्हसकर मात्र थांबत नसत. इंजिनाच्या वर त्यांचा आवाज निघे. देह लहानखुरा, छाती कोंबड्यासारखी पुढे, डोक्यावर तिरकी टोपी, खाकी अर्धी विजार. आणि गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत गुंडाळलेल्या खाकी पट्ट्या. स्वातंत्र्याआधी पोलीस आणि शिपाई पायांना गुंडाळत, त्याच. वैशाखातल्या उन्हातसुद्धा त्या पट्ट्या पायांवर असत, आणि कणसाच्या सालीसारख्या एकीवर एक अशा नीट बसलेल्या असत की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते दिसू नये.

म्हसकर दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांच्याकडून काहीतरी रोमहर्षक ऐकावं अशी आमची फार इच्छा असे. इतिहासाच्या शिक्षकांनी एकदा त्यांना वर्गावरच बोलावलं.

"मुलांना सांगा म्हसकर, लढाईत तुम्ही काय केलंत?"

"खेचरं धुतली."

"पण कुठे? कोणत्या आघाडीवर?"

"वाळू व्हती," म्हसकर म्हणाले, आणि सलाम करून वर्गाबाहेर पडले. इतिहासाचा यापेक्षा सच्चा तास त्या शाळेत झाला नसेल.

पट्ट्यांची हकीगत मला त्यांच्या बायकोकडून कळली. म्हसकरवहिनी म्हणजे बारीक, काळीसावळी, जिभेची धार कधी न बोथटलेली बाई. त्यांच्या परसातलं अळू खायला मी एका रविवारी गेलो होतो. म्हसकर विहिरीवर होते.

"भाऊजी, तुमाला म्हनून सांगते," वहिनी म्हणाल्या. "लगीन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडते तं ह्यो मानूस आंथरुनात उताना, पाय भिंतीला वर लावलेले, आन् पट्ट्या बांधतोय! मला वाटलं, येडा गळ्यात बांधला आपल्या. तवापासून रोज. पाय जमिनीला टेकायच्या आदी पट्ट्या. घराला आग लागली तरी ह्ये आदी पट्ट्या बांधतील, मंग ओरडतील."

"पण कशासाठी?"

"इचारा तेंनाच. मला सांगतात, हुकूम हाय."

म्हसकर बादली घेऊन आले, तेव्हा मी विचारलं. लढाईत एका खेचराने त्यांच्या डाव्या पायावर लाथ घातली होती. हाड जुळलं, पण पाय मांडीपर्यंत सुजला तो कित्येक महिने. फौजेतल्या डॉक्टरने सांगितलं, सकाळी पाय खाली टेकायच्या आधी पट्टी घट्ट बांध, रात्री आडवा झाल्यावर सोड. किती दिवस, हे विचारायची फौजेत पद्धत नसते. म्हसकरांनी विचारलं नाही, डॉक्टरने सांगितलं नाही. मग लढाई संपली, साहेब गेला, देशावरचा झेंडा बदलला. हुकूम तेवढा राहिला. एकाच पायाला पट्टी बांधली तर कवायतीत दिसायला बरं दिसत नाही, म्हणून उजव्यालाही.

"अजून सुजतो का पाय?" मी विचारलं.

"पट्टी हाय तवर नाय."

हे ऐकून मला गंमत वाटली होती. हाताखालच्या माणसांचं लष्करी वेड, असं मी मनातल्या मनात त्याचं वर्गीकरण करून टाकलं. वाचलेल्या माणसाला वर्गीकरण फार लवकर सुचतं.

म्हसकर हुकूम पाळणारे होते, पण मेंढरू नव्हते. एका सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाचे पाहुणे बराच उशिरा आले आणि त्यानंतर उद्याच्या नागरिकांविषयी बोलू लागले. उद्याचे नागरिक सकाळपासून सावधान स्थितीत उन्हात उभे होते. पुढच्या रांगेतला शेलू गावचा एक मुलगा घेरी येऊन पडला. मग दुसरा पडला. पाहुणे बोलतच होते. म्हसकर एक पाऊल पुढे आले, पाहुण्यांना वाक्याच्या मधोमध कडक सलाम ठोकला, मागे वळले आणि गरजले, "विश्राम! सगळे खाली बस्स!" शाळा धप्पकन खाली बसली. धूळ उडाली. पाहुण्यांचं तोंड उघडंच राहिलं. म्हसकर पुन्हा वळले, पुन्हा सलाम. "चालू द्या सायेब." आणि भाषण संपेपर्यंत त्या सगळ्या बसलेल्या मैदानात ते एकटे उभे राहिले.

हेडमास्तर दिघे यांना हे आवडलं नाही. दिघे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त समारंभाशिवाय श्वास घेता येत नसे. शाळेला नवा माठ आणला तरी त्याला हार घालून चार शब्द बोलायचे. अशा माणसाच्या एक दिवस लक्षात आलं, की आपल्या शाळेच्या मैदानावर रोज सकाळी परकीय सत्तेच्या खुणा पायात गुंडाळून एक मनुष्य उभा असतो. त्यांनी ठरवलं, वार्षिक संमेलनात कवायतीचा पोशाख बदलायचा. पांढरा सदरा, पांढरी अर्धी विजार, पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि पट्ट्यांचं जाहीर विसर्जन.

आदल्या दिवशी म्हसकर मला वऱ्हांड्यात भेटले.

"मास्तर, त्यो पट्ट्यांचा हुकूम तोंडी हाय का लेखी?"

"लेखी आहे. सूचनाफलकावर लावलाय."

"मंग झालं."

"पण तुमच्या फौजेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? दिघ्यांना एकदा बोलून बघा. नाहीतर मी बोलतो."

म्हसकरांनी मान हलवली. "त्यो सायेब गेला. ती फौज गेली. चालू हुकूम हेडमास्तरांचा. आन् मास्तर, पाय दुखतो म्हनून सांगाया गेलो, तं म्हनतील ड्रिलमास्तर लंगडा हाय. मंग ऱ्हायलो का मी मैदानात?"

तरी मी दिघ्यांकडे गेलो. त्यांनी मला परंपरा आणि परिवर्तन या विषयावर चहा पाजला.

संमेलनात म्हसकरांना व्यासपीठावर बोलावून खुर्ची दिली. त्या खुर्चीवर ते बसले, ते केवळ पट्टी उभ्याने सोडता येत नाही म्हणून. शाळेने त्यांना बसलेलं प्रथमच पाहिलं. आधी उजवी पट्टी सोडली. ती संपेचना. मुलांना वाटलं हा जादूचा प्रयोग आहे; टाळ्या, शिट्ट्या, हशा. म्हसकरही ओशाळं हसले. मग डावी सोडली.

हशा हळूहळू खाली बसला. गुडघ्याखाली पोटरीवर शिरा गांडुळांसारख्या गुंतागुंतीने वर आलेल्या होत्या. त्याखाली कातडीचा रंग काळपट तपकिरी, चुलीवरच्या पितळेच्या भांड्याचा होतो तसा. वरून ताणलेली, रोगण लावल्यासारखी चकचकीत. आणि घोट्यापाशी पाय उलट्या धरलेल्या बाटलीच्या मानेसारखा एकदम अरुंद झालेला. प्रमुख पाहुणे गळ्यातल्या हाराकडे बघू लागले. दिघ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या. पट्ट्या ताम्हनात ठेवून ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, बक्षिसाच्या ढालीशेजारी नेऊन ठेवल्या. म्हसकर पांढऱ्या पोशाखात, उघड्या पोटऱ्यांनी मैदानात उतरले आणि त्यांनी संचलन करून दाखवलं. ते नेहमीसारखंच उत्तम झालं.

पावसाळा लागायच्या आतच पाय खाजू लागला. कोंडा सुटावा तसे कातडीचे पापुद्रे निघत, आणि खाजवलं की पाणी सुटे. संध्याकाळी बुटाच्या वर पाय फुगून येई. मग एके दिवशी कवायतीतली लाकडी काठी घोट्याच्या आतल्या बाजूला लागली. खरचटलं एवढंच. कोणाच्याही पायाला लागतं तसं. फक्त ते भरलं नाही. आधी चिंचोक्याएवढं होतं, मग रुपयाएवढं, आणि गणपतींच्या विसर्जनापर्यंत तळहात झाकेल एवढं झालं.

उपायांना तोटा नव्हता. दवाखान्यातल्या कंपाउंडरने जांभळं औषध फासलं, मग पिवळं मलम, मग पांढरी पूड. नेरळच्या वैद्यांनी रक्त बिघडलंय असं सांगून जळवा लावल्या. जळवा फुगून गळून पडल्या, जखम होती तिथेच. डोंगरातून मोळी घेऊन येणाऱ्या एका ठाकरीण बाईने पाला वाटून दिला. त्याने दोन दिवस थंड वाटलं, आणि तेवढ्यावर म्हसकर तिचं नाव देवासारखं घेत राहिले. हे सगळे वैद्य एकमेकांना अडाणी समजत. पण एका गोष्टीवर कंपाउंडर, वैद्य, दिघे आणि कर्जतचा सगळा बाजार यांचं एकमत होतं. इतकी वर्षं पट्ट्या आवळून पायातलं रक्त कोंडलं, त्याचं हे फळ. आता पाय मोकळा ठेवा, जखमेला वारा लागू द्या. दिघे तर मला म्हणाले, "बरं झालं, वेळेवर सोडायला लावल्या. नाहीतर पायच गेला असता."

म्हसकरांचाही विश्वास बसला. माणसाला आपल्या दुखण्याचं काहीतरी कारण लागतंच. ते पट्ट्यांना शिव्या देऊ लागले. "फौजेनं फशिवलं, मास्तर. खेचराच्या लाथेपरीस ती पट्टी वाईट."

ते मैदानावर पूर्वीइतकेच ताठ उभे राहत. फक्त आता उभं राहायच्या आधी वाऱ्याची दिशा बघत. मुलांकडून आपल्याकडे वारा येईल, आपल्याकडून मुलांकडे जाणार नाही, अशा बाजूला जाऊन मग "सावधान" म्हणत. हे प्रथम लक्षात आलं त्या दिवशी मला वर्गावर काही शिकवता आलं नाही.

मग गावात तो शब्द फिरू लागला. रगतपिती, म्हणजे महारोग. कुठून निघाला कोण जाणे. उघडा पाय सगळ्यांनी पाहिला होता, तेवढं पुरे होतं. शिक्षकखोलीत पाण्याच्या माठाजवळ एक वेगळा पेला आला. कोणी ठेवला हे कोणी सांगेना. म्हसकरांनी तो पाहिला, त्यातून पाणी प्यायले, धुऊन उपडा घातला. एक पालक मुलाला घेऊन हेडमास्तरांकडे आले. दार उघडंच होतं. "मास्तर देवमानूस हायेत, आमी नाय म्हनत नाय. पन आमच्या पोराला तेंच्या हाताखाली नको." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. म्हसकर ओरडले. म्हणजे संवेदना शाबूत आहे, हा तो रोग नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. बाजाराने ते ऐकून घेतलं आणि मुलं लांबूनच जात राहिली.

दिघ्यांनी माणुसकीवर भाषण केलं आणि शिक्षकखोलीत कधी न आलेली ती उणी खुर्ची विकत आणली. ती मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली मांडली. म्हसकरांनी आता बसून फक्त शिट्टी फुंकायची. कवायत एक नवा पदवीधर तरुण घेणार. खुर्ची चांगली उंच, हातांची. म्हसकर तिच्यात बसले की पाय खाली लोंबत. दुपारपर्यंत डावा पाय असा सुजे की नाडी सोडून बूट हातात घेऊन घरी जावं लागे. उभं राहिल्याने बिघडलेला पाय आम्ही बसवून आणखी बिघडवला, तोही सन्मानपूर्वक.

शेवटी मी त्यांना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, पोटरी दाबली, त्यांना उभं केलं, पुन्हा झोपवलं.

"याला घट्ट पट्टी बांधत होतात का कधी?"

म्हसकर चपापले. "व्हतो सायेब. धा-बारा वर्सं. त्यानंच तं…"

"कोणी सांगितली होती?"

"फौजेतल्या डाक्टरनं."

"हुशार माणूस. आणि सोडायला कोणी सांगितली?"

"हेडमास्तरांनी."

"ते डॉक्टर आहेत?"

"नाय," म्हसकर म्हणाले. "बी. ए. हायेत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. पायातलं रक्त वर चढायला शिरांमध्ये झडपा असतात. लाथ लागून पाय सुजला, तेव्हाच त्या आतून निकामी झाल्या. तेव्हापासून रक्त वर चढतं आणि पुन्हा खाली घसरतं, घोट्यापाशी साचतं, कातडीत झिरपतं. तोच तो काळा रंग. बाहेरून घट्ट पट्टी होती, तोपर्यंत ती झडपांचं काम करत होती.

मी म्हसकरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "म्हंजे बरोबर व्हता त्यो हुकूम."

त्यांना ठेवून घेतलं. खाटेच्या पायथ्याखाली विटा रचून पाय डोक्यापेक्षा वर ठेवले. याची त्यांना फार लाज वाटे. "डाक्टर येतो आन् माझे पाय तेच्या तोंडाम्होरं. बापानं मारला असता मला." पण जखम सुकू लागली. कडेने गुलाबी कातडी सरकत आत आली, आणि दोन महिन्यांनी वरून दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरला. वहिनींनी तिथल्या तिथे नारळ बोलला.

निघताना डॉक्टर म्हणाले, "जखम भरली आहे. पाय बरा झालेला नाही, तो होणारही नाही. रोज पट्टी. चाला, नाहीतर पाय वर करून झोपा. एका जागी उभं राहू नका, पाय लोंबवून बसू नका."

"म्हंजे सायेब, उभंबी नाय आन् बसायचंबी नाय?"

"नाही."

"आन् समोर मोठा मानूस आला तर?"

"तर आडवे व्हा."

म्हसकर इतके हसले की शेजारच्या खाटेवरचा रोगी जागा झाला.

कर्जतला परत आल्यावर मी दिघ्यांकडे पट्ट्या मागितल्या. ती आता संस्थेची ठेव आहे, असं ते म्हणाले, पण कपाट उघडायला लावलं. पट्ट्या ताम्हनात होत्या तशाच होत्या. उचलल्या तर हातात भुसा आला. कसर लागून आतून सगळ्या संपल्या होत्या. मुंबईहून आणलेली रबरी पट्टी वहिनी रोज धुऊन उन्हात वाळत घालत; उन्हाने आणि धुण्याने तिचा ताण गेला आणि ती परकराच्या नाडीसारखी लुळी पडली. मग जुन्या लुगड्याचे पदर फाडून बांधत. पण लुगडं ते लुगडं.

आणि सव्वीस जानेवारी आली. म्हसकरांना कोणी बोलावलं नव्हतं. उलट दिघ्यांनी निरोप पाठवला होता, तब्येत जपा. म्हसकर आले. पांढरी लांब विजार घालून शेवटच्या रांगेच्या मागे उभे राहिले. मी जवळ जाऊन म्हटलं, "म्हसकर, चला, फिरत राहू आपण. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"झेंड्याम्होरं फेऱ्या मारू? बाजार भरलाय का हितं?"

"मग घरी जा."

"मास्तर," ते समोर बघतच म्हणाले, "सगळे म्हनतात त्याचा पाय सडला. येकदा बघू द्या तेंना, उभा हाय म्हनून."

पाहुणे उशिरा आले. पाहुणे बोलले. नव्या तरुण मास्तराला मुलांना खाली बसवायचं धाडस झालं नाही. मी अधूनमधून मागे बघत होतो. म्हसकरांचा चेहरा दगडासारखा होता. राष्ट्रगीताच्या वेळेला त्यांच्या पांढऱ्या विजारीवर, डाव्या घोट्याशी, एक ओलसर पिवळा डाग दिसू लागला होता. तो वर चढत होता. मुलांनी तो पाहिला. ज्यांना दाखवायचं होतं त्या सगळ्यांनी पाहिला.

त्यानंतर जखम पुन्हा भरली नाही. म्हसकरांनी राजीनामा दिला आणि खालापूरच्या बाजूला, सडकेच्या फाट्यावर त्यांच्या भावाचं घर होतं, तिकडे ते दोघं राहायला गेले. खुर्ची तेवढी कडुनिंबाखालून उचलून शिक्षकखोलीत आली. आता खुर्च्या आणि माणसं बरोबर झाली.

मी त्यांच्याकडे गेलो तो पुष्कळ वर्षांनी. दिघे तोवर निवृत्त होऊन सत्कार घेत हिंडत होते. माझंही निवृत्तीचं वय जवळ आलं होतं. घर एस. टी.च्या थांब्यासमोरच होतं. ओटीवर खाटेवर म्हसकर पडले होते, पाय उपड्या टोपलीवर गोधडी टाकून तिच्यावर ठेवलेला. फडक्याच्या कडेने ओल आली होती. वहिनी सुपाच्या वाऱ्याने माशा हाकत होत्या. मला पाहताच म्हसकरांनी पाय खाली घ्यायची धडपड केली.

"पडा हो पडा!" वहिनी ओरडल्या. "भाऊजींनी तुमचे पाय बघितले नायत का कदी? आख्ख्या शाळेनं बघितलेत!"

म्हसकर आडवे झाले. चेहरा वाळून गेला होता, आवाज तोच होता.

"कसा आहे पाय?" मी विचारलं.

"पाय हाय. जखम हाय. दोगं येकमेकांना धरून हायेत. मी मधी पडत नाय."

"औषध?"

"हितला डाक्टर म्हनतो, कापून टाकू. मी म्हनलं, टाक. तं म्हनतो, दुसराबी तसाच व्हाया लागलाय, किती कापू?" ते हसले. वहिनी हसल्या नाहीत. उजव्या घोट्यावरचा तो काळपट तपकिरी रंग मला आल्याबरोबरच दिसला होता.

चहा झाला. शाळेतल्या कोण कोण गेल्याच्या बातम्या झाल्या. कवायत आता कोण घेतं हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. समोर एस. टी. येऊन थांबली, तसा मी उठलो.

"उठू नका हं म्हसकर. इथूनच निरोप घेतो."

"आवं, आसं कसं?"

"वहिनी, सांगा त्यांना."

"मी सांगून ऐकलं असतं तं आज हितं असते का आमी?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनीच हात देऊन त्यांना उठवलं. पाव्हणा दिसेनासा होईपर्यंत घरधन्याने खाली बसायचं नाही, ही त्या भागातली रीत. म्हसकरांच्या बाबतीत तिला रीत म्हणायचं की हुकूम, मला सांगता येणार नाही.

मी घाईघाईने रस्ता ओलांडून गाडीत चढलो आणि खिडकीपाशी बसलो. गाडी निघेना. ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होता. पलीकडे ओटीच्या पायरीशी म्हसकर उभे होते. खांब हाताशी होता, त्याला टेकलेले नव्हते. हात पाठीमागे, छाती पुढे. मी हाताने खूण केली, बसा. त्यांनी हात वर करून निरोपाला निरोप दिला आणि उभेच राहिले.

"अहो, जरा घंटी मारा ना," मी कंडक्टरला म्हटलं.

"डायवर चा पितोय. काय घाई हाय?"

"तिकडे एक माणूस उभा आहे."

कंडक्टरने वाकून पाहिलं. "तेंना यायचंय का गाडीत?"

"नाही."

"मंग?"

मी खिडकी सोडून पलीकडच्या बाकावर गेलो, मान खाली घातली, म्हणजे मी त्यांना दिसू नये. थोड्या वेळाने हळूच पाहिलं. गाडी दिसत होती, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. वहिनी शेजारी काहीतरी बोलत होत्या, बहुधा शिव्या देत होत्या. डाव्या पायाच्या फडक्यावरून काहीतरी पायरीवर ठिबकत होतं, किंवा मला तसं वाटलं.

ड्रायव्हरने दुसरा चहा घेतला.

गाडी हलली तेव्हा म्हसकरांनी सलाम केला. पुढे सडक वळते, तिथून ओटी थोडा वेळ दिसते. मी मागे पाहिलं नाही. मी पाहत राहिलो असतो, तोपर्यंत ते बसले नसते.